सनावळीची रेघ

सनावळी हा शब्द आम्ही शाळेत ऐकला तो धाकाचा म्हणून. इतिहासाच्या पेपरात पाच गुणांची सनावळी असायची, पाठ केली तर गुण, नाही तर भोपळा. साल म्हणजे एक आकडा आणि त्यापुढे एक लढाई, एवढेच आमचे आणि इतिहासाचे नाते होते. पुढे साठी ओलांडल्यावर ह्याच सनावळीच्या मागे आम्ही तीन जण वर्षभर लागू, असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

आम्ही तिघे म्हणजे सोलापुरातल्या एका मोहल्ल्यातले. एक निवृत्त इतिहास शिक्षक, ज्यांना आम्ही सर म्हणतो. दुसरे उस्ताद, त्यांनी बत्तीस वर्षे छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. तिसरी आमची भाची, कॉलेजात गणित शिकवते, आणि संगणकाचे सगळे तिच्या हातात. मोहल्ल्याच्या वाचनालयात भिंतीवर दख्खनच्या इतिहासाचा एक मोठा तक्ता असावा, मराठी मुसलमानांची पोरे येता-जाता तो पाहतील, एवढा साधा विचार होता. सरांनी वहीत साले लिहून आणली आणि एका डीटीपीवाल्याकडे द्यायची ठरली. तेव्हा भाची म्हणाली, "मामू, तो मुलगा चौकोन काढेल आणि जिथं जागा दिसेल तिथं साल टाकेल. मग तो तक्ता कसला? ती तर रांगोळी." तिने लाटेकमध्ये करू म्हटले.

हे लाटेक काय प्रकरण आहे ते आधी सांगितले पाहिजे. डोनाल्ड नूथ नावाचे अमेरिकन गणिती आहेत. १९७७ साली त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे आली, ती छपाई त्यांना इतकी बेढब वाटली की पुस्तक बाजूला ठेवून ते अक्षरजुळणीची व्यवस्थाच लिहायला बसले. तिचे नाव टेख. रोमन लिपीत शेवटचे अक्षर एक्ससारखे दिसते, पण ते ग्रीक 'खी' आहे, आणि त्याचा उच्चार घशातून येणारा. इंग्रजी शिकलेली माणसे 'टेक' म्हणून मोकळी होतात. उस्ताद पहिल्याच दिवशी 'ख़ुदा'मधला ख़ लावून ते नाव बरोबर म्हणाले. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात रचलेली सोपी पायरी म्हणजे लाटेक. दोन्ही फुकट मिळतात. आणखी एक गोष्ट आम्हाला फार भावली. नूथ १९७९ साली उझबेकिस्तानात उर्गेंचला गेले होते, ख्वारिझमच्या मुलखात, एका परिषदेसाठी. ज्या अल-ख्वारिझमीच्या नावावरून 'अल्गोरिदम' शब्द आला त्याच्या मायदेशी. संगणकाच्या विद्येत आपल्या लोकांचा काय वाटा असे कोणी कुत्सितपणे विचारले, की सर आता हीच गोष्ट सांगतात, जरा लांबवून सांगतात.

उस्तादांना संगणकाचा तिटकारा होता. त्यांचा छापखाना संगणकानेच बंद पाडला. पण ह्या व्यवस्थेत बटण दाबून चित्र ओढायचे नसते, लिहायचे असते: अमुक मजकूर, अमुक आकार, दोन ओळींत अमुक अंतर. टेखच्या पोटात प्रत्येक अक्षर म्हणजे एक चौकट, आणि दोन चौकटींमध्ये ताणणारा-आवळणारा डिंक. उस्ताद म्हणाले, "म्हणजे खिळा आणि स्पेस. आम्ही हेच करत होतो, फक्त बोटं काळी व्हायची." एका इंचात ७२.२७ पॉइंट हे मापही त्यांच्या ओळखीचे निघाले. त्या दिवसापासून ते भाचीच्या शेजारी स्टूल टाकून बसू लागले.

मराठीचा प्रश्न मोठा वाटत होता. जुन्या फाँटांत केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की त्याचे काय होते ते आपण सगळ्यांनी भोगले आहे, पानभर चिमण्या-कावळे. पण जोनाथन क्यू यांनी २००४ साली झीटेख आणले, आणि तेव्हापासून युनिकोडमधला देवनागरी मजकूर तसाच्या तसा चालतो, जोडाक्षरे शाबूत राहतात. उजवीकडून डावीकडे जाणारी फारसी आणि उर्दूही त्याच पानावर बसते. अडचण आली ती आकड्यांची. यंत्र हिशेब करते ते युरोपी आकड्यांत, आणि रेघेखाली छापतेही तेच. ते देवनागरीत आणायला फाँट लावतानाच एक सूचना द्यावी लागते, मग ४ चा ४ होतो. हे आकडे मुळात इथले, अरबांच्या हातून युरोपात गेले, आणि तिथून फिरून आमच्या वाचनालयात आले तेव्हा त्यांना पुन्हा आपला पोशाख घालावा लागला.

रेघ काढण्यासाठी टिक्झ नावाची भर आहे, टिल टान्टाऊ ह्या जर्मन प्राध्यापकाची. त्या नावाचा जर्मन अर्थच असा की हे चित्र काढायचे साधन नव्हे. खरे आहे. इथे हात लावायला मिळत नाही. तुम्ही सांगायचे की एक वर्ष म्हणजे अर्धा सेंटिमीटर, आणि मग प्रत्येक घटना आपल्या सालाने आपली जागा शोधते. नुसती साधी सनावळी हवी असेल तर त्यासाठी तयार संचही आहेत. सुरुवातीचे साल, शेवटचे साल आणि किती वर्षांनी खूण हवी ते सांगितले की रेघ तयार. दिवस-महिना दिला तर त्याचा दशांश करून ठेवतात. पानिपत १४ जानेवारी १७६१, म्हणजे रेघेवर १७६१.०४. पण आम्हाला एकाखाली एक अनेक पट्ट्या हव्या होत्या, म्हणून भाचीने टिक्झमध्ये स्वतःच आज्ञा रचली: कुठून, कुठवर, नाव, कितवी पट्टी.

रेघ कुठून सुरू करायची यावर दोन शुक्रवार गेले. शेवटी १२९० ठरले, ज्ञानेश्वरीचे साल. तिथून २०३० पर्यंत ७४० वर्षे, म्हणजे ३७० सेंटिमीटर, बारा फुटांहून थोडी जास्त. यात एक गंमत आहे. टेखला १६,३८४ पॉइंटांपेक्षा मोठे माप कळतच नाही. ते होते पावणेसहा मीटरच्या आसपास. इसवी सन एकपासून मोजायला गेले तर बहमनी राज्य स्थापन झाले ते १३४७ साल पावणेसात मीटरवर पडते आणि यंत्र माप फार मोठे आहे म्हणून थांबते. म्हणून प्रत्येक सालातून १२९० वजा करून मोजायचे. सर म्हणाले की इतिहासाच्या सगळ्या पुस्तकांनी हेच केले आहे, आपापल्या सोयीचे साल वजा करून सुरुवात केली आहे.

आता सालांविषयी. आपल्याकडे साल कधी एक नसते. दर्ग्यातला शिलालेख हिजरीत, कुलकर्ण्याचे दप्तर शकात किंवा फसलीत, मराठी कागद शुहूर सनात, इंग्रजांची पत्रे इसवीत, आणि तीही १७५२ पर्यंत जुन्या पंचांगाची, युरोपच्या मागे. शुहूर म्हणजे ज्याला मराठीत अरबी सन किंवा मृगसाल म्हणत. पेशव्यांच्या कागदांत 'इहिदे सितैन मया व अलफ' असे येते तेव्हा पोरांना तो मंत्र वाटतो. अरबी येणाऱ्याला तो सरळ आकडा आहे: एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०, आणि मृगसाल मे महिन्याच्या सुमारास बदलत असल्याने जानेवारीपासून तोवर ६०० मिळवायचे. पानिपताचे साल हेच. ब्राह्मण कारकून शेकडो वर्षे अरबी आकड्यांत तारीख घालत होता आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नव्हते, हे आम्हाला फार विशेष वाटले.

भाचीने मुख्य रेघेखाली आणखी दोन फूटपट्ट्या काढल्या, हिजरी आणि शुहूर. हिजरी साल चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. म्हणून हिजरीची शंभर वर्षे म्हणजे इसवीची सत्त्याण्णव. मुख्य रेघेवर शतक पन्नास सेंटिमीटरचे, तर हिजरी पट्टीवर साडेअठ्ठेचाळीसचे. शुहूर सन सौर, त्यामुळे तो इसवीबरोबर पाय टाकत चालतो. आणि मग कागदावर एक गोष्ट दिसली जी सरांना तोंडपाठ होती पण त्यांनी कधी पाहिली नव्हती. १३४४ च्या मे महिन्यात हिजरी ७४५ आणि शुहूर ७४५ एकाच खुणेवर येतात. तिथून पुढे हिजरी हळूहळू पुढे सरकते. पानिपताला पोचेपर्यंत शुहूर ११६१ आणि हिजरी ११७४, तेरा वर्षांचे अंतर. शिलालेख आणि कागद यांत साल जुळत नाही म्हणून काहीजण एकाला खोटे ठरवतात. इथे दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की दोघेही आपापल्या जागी खरे निघतात.

खरी वादावादी पट्ट्यांवर झाली. आम्ही लहानपणी ज्या तक्त्यांवर शिकलो त्यांत यादवांनंतर एक लांब हिरवा पट्टा असे, त्यावर 'मुसलमानी अंमल', आणि तो संपला की भगवा. पोरांना वाटायचे की मध्ये तीनशे वर्षे एकच कोणीतरी राज्य करत होता आणि तो आपला कोणी लागतो, म्हणून वर्गात मागे वळून आमच्याकडे बघायचे. आम्ही त्या पट्ट्याचे तुकडे केले. बहमनी १३४७ ते १५२७. निजामशाही १४९० ते १६३६. आदिलशाही १४९० ते १६८६. कुतुबशाही १५१८ ते १६८७. वऱ्हाडची इमादशाही १५७४ ला निजामशाहीने गिळलेली. आदिलशाही आणि कुतुबशाही संपते ती औरंगजेबाच्या हातून. सोलापूरचा आमचा किल्ला तर आदिलशाही आणि निजामशाहीच्या हातांत चेंडूसारखा फिरत राहिला. रंग धर्माचा द्यायचा नाही, राज्याचा द्यायचा, एवढा एकच नियम. त्याखालच्या पट्टीवर माणसे. एकनाथ १५३३ ते १५९९, पैठणात. मलिक अंबर १५४८ ते १६२६. शहाजीराजे १५९४ ते १६६४. १६२४ च्या भातवडीच्या लढाईच्या खुणेवर मलिक अंबर आणि शहाजीराजे एका बाजूला, मोगल आणि आदिलशाही दुसऱ्या बाजूला. १५९५-९६ मध्ये चांदबिबी अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवते आहे, त्या वर्षी एकनाथ हयात आहेत आणि शहाजीराजे पाळण्यातून नुकते उतरलेले. एवढे सगळे एका उभ्या रेषेवर बोट ठेवले की दिसते. सरांनी चाळीस वर्षे हे वर्गात सांगितले. बोट ठेवून दाखवता आले नव्हते.

एक पट्टी निव्वळ नावांची आहे. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकीला राजधानी वसवली, १६२६ मध्ये फतेहनगर, १६५३ पासून औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावांच्या वादात आम्हाला पडायचे नव्हते. चार तुकडे, प्रत्येकाची लांबी त्याच्या वर्षांइतकी. सोळा वर्षांचा, सत्तावीस वर्षांचा, तीनशे सत्तर वर्षांचा, आणि चौथा इतका लहान की नाव आत मावत नाही, बाण काढून बाहेर लिहावे लागले. कोणी रागावेल का, ही शंका उस्तादांना आली. भाची म्हणाली, "लांबी मी नाही ठरवली."

इथवर साले पक्की होती. पुढे जे आले त्याने आमची झोप घालवली.

श्रीगोंद्याचे शेख महंमद. 'योगसंग्राम' शके १५६७ चा, म्हणजे १६४५. हे साल ठाम. पण त्यांचा जन्म कधी, देहावसान कधी, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पट्टी काढायची तर दोन टोके लागतात. टोके नसलेल्या माणसाचे काय करायचे? भाचीने एक जुनी गोष्ट शोधून आणली. जोसेफ प्रीस्टली, तेच ऑक्सिजनवाले, यांनी १७६५ मध्ये थोरांच्या चरित्रांचा तक्ता काढला, सुमारे दोन हजार माणसे, प्रत्येकाचे आयुष्य म्हणजे एक आडवी रेघ. जिथे साल नक्की नाही तिथे त्यांनी रेघ न ओढता ठिपके दिले. टिक्झमध्ये ही एका शब्दाची गोष्ट आहे. भरीव, तुटक, ठिपक्यांची. शेख महंमदांची रेघ १६४५ च्या आसपास भरीव आहे आणि दोन्ही बाजूंना ठिपके होत विरून जाते. सुफी संताला हे शोभते असे उस्ताद म्हणाले, पण तो विनोद होता.

फातिमा शेख यांच्यापाशी मात्र विनोद थांबला. सावित्रीबाई १८३१ ते १८९७, भरीव. फातिमाबींची जन्मतारीख ९ जानेवारी १८३१ म्हणून सगळीकडे फिरते, पण तिच्या मागे त्या काळातला कागद आमच्या हाती लागला नाही. हाती येतो तो सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रातला फातिमा ह्या नावाचा उल्लेख. २०२५ च्या जानेवारीत तर ही बाई झालीच नाही, असे जाहीरपणे म्हणून मोठा वाद उठवला गेला. आमच्या घरातल्या पोरींना ज्या एका नावाचा आधार वाटतो तेच नाव कोणी पुसायला निघाले तर कसे वाटते, ते इथे लिहायची गरज नाही.

सर म्हणाले, पूर्ण पट्टी काढा, लोक मानतात ते साल घाला, आपणच कमी काढले तर ते पुसणाऱ्यांच्या पथ्यावर पडेल. सरांचा आवाज सहसा चढत नाही, त्या दिवशी चढला. भाची ऐकेना. तिचे म्हणणे, वरच्या पट्टीवर पानिपताला दिवस-महिना दाखवायचा, प्रत्येक रेघ मोजून काढायची, आणि आपल्या माणसापाशी आलो की मोजपट्टी खिशात घालायची? पोरांना एक चुकीचे साल सापडले की ती सगळ्या तक्त्यावरचा विश्वास काढतील. "मामू, पत्र आहे ना? तारीख आहे ना? मग ठिपका काढू. पण तो असा काढू की कोणाच्या बापाला खोडता येणार नाही." तीन आठवडे ती जागा रिकामी राहिली. सर त्या काळात वाचनालयात आले, पेपर वाचून गेले.

शेवटी ठिपकाच निघाला. १८५६ वर, गडद, तक्त्यातल्या सगळ्या ठिपक्यांहून जाड, आणि दोन्ही बाजूंना हळूहळू फिकट होत जाणारी रेघ. सरांनी तो पडद्यावर बराच वेळ पाहिला आणि नाव कोणत्या अक्षरात आहे ते विचारले. सावित्रीबाईंचे ज्या अक्षरात तेच, असे उस्तादांनी सांगितले. आकारही तोच ठेवला होता.

अंतर मोजून काढल्याचा दुसरा परिणाम असा की मोकळ्या जागा दिसू लागतात. चौकोनांच्या तक्त्यात दोन चौकोनांत नेहमी सारखेच अंतर असते, तिथे काही हरवले आहे हे कळत नाही. आमच्या साहित्याच्या पट्टीवर योगसंग्रामानंतर हातभर कोरा कागद येतो. मग शाहीर सगनभाऊ, १७७८ ते १८५०, धंद्याने शिकलगार. पुन्हा कोरा. मग १९१६ ला बार्शीत अमर शेख, १९३२ ला हमीद दलवाई, आणि १९९० मध्ये सोलापुरातच भरलेले पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन. तिथून पुढे नावांची एवढी गर्दी की एकमेकांवर चढू नयेत म्हणून एक वर, एक खाली, असे खुंटीला टांगावे लागले. त्या कोऱ्या जागेत लिहिणारे नव्हतेच असे आम्हाला वाटत नाही. वही कोणी जपली नसेल. पण रेघेवर वाटण्याला जागा नाही, म्हणून कोरी ती कोरीच ठेवली.

ह्या व्यवस्थेत एक सोय आहे जी आम्हाला सर्वांत आवडली. फाइलमध्ये टक्क्याची खूण केली की त्या ओळीत पुढे लिहिलेले यंत्र वाचतच नाही, छापतही नाही. तिथे आम्ही प्रत्येक सालाचा आधार लिहिला: कोणते पुस्तक, कोणता लेख, कोणाचे मत वेगळे, सरांचा आक्षेप काय, भाचीचे उत्तर काय. आता छापण्याच्या ओळींपेक्षा टक्क्यामागच्या ओळी जास्त झाल्या आहेत. उद्या कोणाला नवा कागद सापडला तर एक आकडा बदलायचा, बाकी सगळे आपोआप सरकते. उस्तादांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या काळी एक साल बदलायचे तर आख्खी गॅली मोडावी लागे.

फाइल हाताशी आली तशी लोक आपापली साले घेऊन येऊ लागले. उस्तादांच्या थोरल्या बहिणीचे, आपांचे, साल असे आले. आपांची शाळेतली जन्मतारीख १ जून १९५०. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झाला आहे, मास्तरांच्या कृपेने. पण त्यांच्या अम्मा सांगायच्या की ही पोरगी पुलिस ॲक्शनच्या मागच्या दुसऱ्या रमजानातली. तेव्हा त्यांचे घर निजामाच्या मुलखात होते. पुलिस ॲक्शननंतर घरातली बायामाणसे रातोरात सोलापूरकडे आली, त्यात ही चालायला नुकती लागलेली. घरात त्यावर कधी बोलणे होत नसे, फक्त वय मोजायला तो शब्द यायचा. भाचीने पट्टीवर बोट ठेवले. पुलिस ॲक्शन सप्टेंबर १९४८. त्याच्या आधीचा रमजान हिजरी १३६७, जुलै-ऑगस्ट १९४८. त्याच्या आधीचा १३६६, तो १९ जुलै १९४७ च्या सुमारास सुरू होतो, आणि देश स्वतंत्र झाला तो दिवस त्याच महिन्यात पडतो. म्हणजे आपा कागदावर आहेत त्याहून जवळजवळ तीन वर्षांनी मोठ्या, आणि स्वातंत्र्याच्या अगदी बरोबरीच्या.

त्यांना सांगितले तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "अम्मी तो यहीच बोलती थी," म्हणाल्या, आणि निवडत राहिल्या. थोड्या वेळाने विचारले, "दिवस नाही कळत?" दिवस नाही कळत, असे भाचीने सांगितले. नाव तक्त्यावर घालायला त्यांनी साफ नकार दिला. राजे-महाराजांत माझे काय काम. हिजरी पट्टीवर १३६६ च्या रमजानाला नाव नसलेला एक बारीक ठिपका आहे, महिनाभराची तुटक रेघ असलेला. फाइलमध्ये त्याच्यापुढे टक्क्याची खूण आहे आणि आधार म्हणून लिहिले आहे: अम्मा, तोंडी. तक्ता फ्लेक्सवर छापून आला तेव्हा वाचनालयाच्या भिंतीला तो पाऊण फूट लांब झाला, १२९० चे टोक कोपऱ्यातून दाराकडे वळवून लावावे लागले.